राखण

मृणाल वैरागडे जाताना बरणी ठेवून गेली
माझ्या ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी.
म्हणाली, काका, पंधरा दिवस सांभाळाल ना?
खेकड्यांवर काही लिहीत होती ती,
मागच्या दोन खोल्यांत राहायची, भाडं वेळेवर.
त्याला आता तिसरा पाडवा.

बरणीत चहा, चहावर तरंगणारी जाड साय.
पहिल्यांदा वाटलं, जाळ्यात येतो ना
तो बुळबुळीत गोळा,
हात लावला की रात्रभर खाजवायला लावणारा,
तसलंच काही घरात आणलंय पोरीने.
कोंबुचा, ती म्हणाली. मी ऐकलं कोंबडीचा.

मी एकतीस वर्षं देवगड बंदरावर
बर्फाच्या कारखान्यात.
काम एकच : जे नासणार आहे त्याला थांबवायचं.
लादी फोडायची, भुसा झटकायचा, टपात भरायचं.
बांगडा थांबायचा. सुरमई थांबायची.
आणि निवृत्तीत हे,
थांबू द्यायचं नाही.

कागदावर लिहून दिलंय तिने :
आठ कप पाणी, अर्धी वाटी साखर,
चहा साधा. आलं नको, मसाला नको.
निवू द्यायचा, इतका
की बोट बुडवलं तर बोटाला कळूच नये.
जुन्यातलं वाटीभर मागे ठेवायचं, नव्याला शिकवायला.
तोंडाला पंचाचा तुकडा, रबर दुहेरी,
नाहीतर चिलटं येतात, कुठून येतात देव जाणे.
मुंग्यांसाठी खाली परातीत पाणी,
हे माझं.

मे महिन्यात पाच दिवसांत आंबट ढाण होतं,
थंडीत बारा दिवस, तरी मुखदुर्बळ.
दर खेपेला वर नवा थर धरतो,
आईच्या पाठीला चिकटलेली लेक,
सोडवायला जावं तर वहाणेच्या तळासारखी चिवट.
राखणदाराला आम्ही वर्षातून एकदा देतो,
कोंबडा, नारळ, गाऱ्हाणं.
हिला दर दहा दिवसांनी.
गाऱ्हाणंही घालतो कधी कधी. चालतं.
आवडतं म्हणून नाही. चव
बिमली चावून वर सोडा प्यायल्यासारखी.

एक थर कुसुम टिकमला दिला.
बाजारातून परतताना टेकते ती पायरीवर, टोपली उपडी घालून.
"ह्या काय? जित्ता आसा?"
आहे, म्हटलं. तिने दोन्ही हात पुढे केले,
विरजणाला वाटी धरावी तसे.

श्रावणात मोतीबिंदूसाठी कुडाळला गेलो.
परतलो तेव्हा एक डोळा झाकलेला,
वाटलं, धूसर दिसतंय ते माझंच.
पण ती बुरशी होती. कोरडी, लोकरीची,
मधोमध हिरवा ठिपका.
कागदाची शेवटची ओळ :
बुरशी दिसली तर सगळं टाका, हळहळू नका.
टनावारी मासळी टाकली मी, लाईट गेली की,
पापणी न लववता.
ही बरणीभर ओतायला संध्याकाळ गेली.

तिन्हीसांजेला विरजण मागू नये म्हणतात.
धुतलेली बरणी घेऊन कुसुमच्या दारात उभा राहिलो.
ती काही म्हणाली नाही.
चहात गवती पात घालत होती ती इतके दिवस,
कागद तिला मी दाखवलाच नव्हता.
तरी जगलेलं. आणि चौकोनी!
बिस्किटांच्या प्लास्टिकच्या डब्यात वाढलेलं,
माझ्या गोल बरणीत मावेना,
एक कोपरा दुमडून बसलं.
वास पातीचा. थोडा बांगड्याचाही, खोटं का बोलू.

काल मृणालचा फोन.
मुलगी झाली म्हणाली, नागपुरात ऊन फार.
मग हसत, काका, ती बरणी? टाकली असेल ना केव्हाच?
ओट्याकडे बघितलं. थराखालून एक बुडबुडा सुटला,
दुमडलेल्या कोपऱ्याशी अडला,
मग वाट काढून वर आला.

आहे, म्हटलं.

तिने पुढे विचारलं नाही.
चहा निवत ठेवलेला, त्यात बोट बुडवलं.
अजून कळत होतं.